करंट आहे की नाही?

…नाही, पण मला एक सांगा, ओल्या हाताने बटणाला हात लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं की नाही? कळतं ना? मग हे मोठमोठे शिकलेले लोक, पांढरे कोट घातलेले, हे काय करतात, तर स्पंज घेतात, तो मिठाच्या पाण्यात बुडवतात, चांगला चिंब करतात, माझ्या बायकोच्या कपाळाला रबरी पट्ट्याने बांधतात आणि त्याला वायर जोडतात! पाणी, मीठ आणि करंट! आणि वर मला म्हणतात, काका, तुम्ही निर्धास्त बसा. अहो, मी वायरमन माणूस. उभा जन्म लोकांना ओरडून सांगण्यात गेला, बाबांनो हात पुसा, चप्पल घाला, टेस्टर लावा आधी आणि मग काय ते करा... आणि मी निर्धास्त बसू? कसा बसू?

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच तडकलाय.

त्याचं असं आहे, मी घरगुती वायरिंगची कामं करतो. लग्न झालं त्याच वर्षी एका गृहस्थांकडे पंखा टांगत होतो. वरून विचारलं, साहेब, मेन बंद केलात ना? साहेब वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढत नाहीत, "हो हो, केलाय, केलाय." केलाय! त्यांनी बंद काय केलं होतं, तर पाण्याचा पंप. मी खाली, स्टूल माझ्या अंगावर, पंखा साहेबांच्या पेपरावर. घरी आलो कोपराला पट्टी बांधून. ही रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली तर ही चपला घालून दारात उभी. म्हणाली, आजपासून मेनपाशी मी उभी राहणार.

तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली. मी वर स्टुलावर, ही मेनपाशी, एक हात खटक्यावर. घरातल्या कुणालाही त्या बोर्डाजवळ फिरकू द्यायची नाही, मग तो घरमालक का असेना. मी वरून विचारायचं, "करंट आहे की नाही?" आणि हिने म्हणायचं, "बंद." बस्स. एकच शब्द, आणि मी उघड्या तारेला हात घालायचो. एकदा, अगदी सुरुवातीला, हिने बंद म्हटल्यावरसुद्धा मी सवयीने टेस्टर लावून पाहिला. बघितलं हिने. संध्याकाळी ताट वाढलं आणि ताटाशेजारी माझा टेस्टर आणून ठेवला. म्हणाली, जेवणालाही लावून बघा. झालं! त्यानंतर हिच्या शब्दावर मी कधी टेस्टर लावला नाही. टेस्टरचा दिवा जाऊ शकतो, टेस्टर खोटं बोलू शकतो. ही नाही. टेस्टर लावा आधी, हे दुनियेला सांगायचं. मला हिचा शब्द पुरे.

आणि गेल्या वर्षी एका सकाळी ही ओट्यापाशी चहा गाळत होती आणि बघतो तर कप इकडे आणि चहा तिकडे, ओट्यावर ओतत चाललीय. म्हटलं, अगं, लक्ष कुठाय? वळली माझ्याकडे. तोंड एका बाजूला वाकडं. बोलायला गेली आणि ओठ नुसते हलले... गाडी, हॉस्पिटल, सलाइन, धावपळ. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली म्हणाले. पण नशीब बघा, हात परत आला, पाय परत आला, तोंड सरळ झालं. जो तो म्हणतोय, थोडक्यात निभावलं हो! अहो, निभावलं काय? शब्द कुठे आहेत हिचे?

कळतं सगळं. घरात कोण आलं, कोण गेलं, मी कुठली लबाडी केली, सगळं. फक्त शब्द येत नाही, आणि आलाच तर भलताच येतो. मीठ हवं असलं की म्हणायची, "खिडकी." मी धावत जाऊन खिडकी उघडायचो. ही कपाळाला हात लावायची. मी खिडकी लावायचो. ही दुसराही हात कपाळाला लावायची. मग दोघंही मुकाट्याने अळणी जेवायचो. तेही चाललं असतं. पण तुम्हाला सांगतो, 'हो'च्या जागी 'नाही' यायला लागलं आणि 'चालू'च्या जागी 'बंद' यायला लागलं, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता बोला! ज्या एका शब्दावर मी इतकी वर्षं जीव टांगला, तोच शब्द आता कधी खरा, कधी खोटा, आणि कुठला खरा ते हिलाही ठाऊक नाही. मी कामं बंद केली. गिऱ्हाइकांचा फोन आला की सांगायचो, कंबर धरलीय. लोक म्हणाले, मेनपाशी दुसरा कुणीतरी उभा कर. दुसरा कोण? तो पेपरवाला? हो हो, केलाय, केलाय!

त्यात आमची मेहुणी मदतीला येऊन राहिलेली. हिची थोरली बहीण. तिला मी रेडिओ म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर ताई. मनाने सोनं आहे, पण बटण बंद होत नाही. ही बिचारी कुठे तोंड उघडून "पा..." म्हणाली की रेडिओ सुरू! "पाणी? पाय दुखतोय? पावडर हवी? पाकीट? पाठ खाजवू का गं?" शब्द हिच्या ओठांपर्यंत आलेला असायचा, तो त्या गोंगाटात घाबरून परत आत पळायचा. आणि ही हळूहळू तोंड उघडेनाशीच झाली. ते मला बघवेना. दिवसचे दिवस घरात रेडिओ तेवढा बोलतोय आणि ही भिंतीकडे बघत बसलीय.

तेव्हा हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. बोलणं गेलेल्या माणसांवर अभ्यास चाललाय म्हणाल्या, डोक्याला अगदी सौम्य वीज द्यायची आणि त्याच वेळी शब्दांचा सराव करून घ्यायचा. मी म्हटलं, वीज? रेडिओ म्हणाली, अगंबाई, शॉक? वेड्यांना देतात तो? डॉक्टरीणबाई हसल्या. हसायला काय होतंय त्यांना! म्हणाल्या, तो वेगळा, काका, त्यात माणसाला भूल द्यावी लागते. हा इतका बारीक की जाणवलाच तर मुंग्या येतात. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन मिलिअँपिअर. मी म्हटलं, बाई, करंट कुणाचा सगा नसतो, बारीक असो की जाड. पण ऐकत राहिलो. करतो काय! गरजवंताला अक्कल नसते.

त्यांनी समजावलं मात्र चांगलं, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, बोलणं डोक्यात एका ठिकाणी नसतं. काही जागा पुढे, काही मागे, काही पार पलीकडच्या बाजूला, आणि त्यांची एकमेकींशी सारखी देवाणघेवाण चाललेली असते. त्यातली एक जागा गेली की बाकीच्या धडधाकट असूनही आपसात बोलेनाशा होतात. मी म्हटलं, म्हणजे भावकी. म्हणाल्या, हो, तसंच समजा. हा करंट काही त्यांना बोलायला लावत नाही, नुसतं ऐकायला तयार करतो, आणि सराव चालू असेल तर तुटलेले संबंध जुळायला मदत होते की काय, ते बघायचंय. आणि गंमत म्हणजे स्पंज लावायचा कपाळाच्या डाव्या बाजूला आणि फरक दिसतो कुठे, तर लांबच्या जागांमध्ये! मी म्हटलं, बाई, आमच्या धंद्यात याला फॉल्ट म्हणतात. स्वयंपाकघरातलं बटण दाबल्यावर न्हाणीघरातला दिवा लागला तर गिऱ्हाईक परत दारात उभं करत नाही. मग मुद्द्याचं विचारलं, गुण येईल का? तर म्हणाल्या, कुणाला येतो, कुणाला नाही येत. काहींच्यात जोड वाढलेले दिसतात, काहींच्यात चक्क कमी झालेले. म्हणून तर तपासतोय.

मी हिच्याकडे बघितलं. विचारलं, करायचं का गं? ही ठणकावून म्हणाली, "नाही." आणि पेन ओढून घेऊन सही ठोकली. म्हटलं ठीक आहे, सहीवर विश्वास ठेवायचा.

आणि मग शेवटी, निघता निघता, डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं. निम्म्या पेशंटना खरा करंट मिळतो. निम्म्यांना खोटा. म्हणजे स्पंज तोच, पट्टा तोच, मशीन तेच. सुरुवातीला जरा मुंग्या येतात आणि मग मशीन गुपचूप करंट काढून घेतं. म्हटलं, आणि आमच्या हिला कुठला? म्हणाल्या, माहीत नाही. म्हटलं, तुम्हाला माहीत नाही? म्हणाल्या, मला नाही, मशीन चालवणाऱ्या मुलीला नाही, तुम्हाला नाही, काकूंना नाही. मुलगी फक्त एक आकडा टाकते, पुढचं मशीन बघतं. कुणालाच कळता कामा नये, तरच खरं काय ते कळतं. अहो, काय बोलताय काय! माझ्या धंद्याचा पहिला नियम, करंट आहे की नाही हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि यांच्या धंद्याचा पहिला नियम, करंट आहे की नाही हे कुणालाच कळू द्यायचं नाही!

झालं सुरू. एक लहानशी खोली, खिडकीला पडदा, मधे टेबल, टेबलावर ते मशीन. केवढं? साबणाच्या डबीएवढं! त्याच्यातून दोन वायरी, एक लाल, एक काळी, हिच्या डोक्यापर्यंत. समोर मशीनवाली मुलगी, हातात चित्रांची कार्डं. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची परवानगी, बोलायची नाही. मुलीने स्पंज पिळला, बांधला, पाण्याचा एक ओघळ हिच्या भुवईवरून खाली आला आणि तुम्हाला सांगतो, मी रुमाल काढून पुसायला अर्धा उठलो आणि परत बसलो. मुलीने बटण दाबलं. ही जराशी दचकली, कपाळावर आठी आली आणि गेली. गेली म्हणजे? सवय झाली की करंट गेला? मी खुणेने विचारलं, मुंग्या येतायत का? ही म्हणाली, "चमचा." आता चमचा म्हणजे हो की नाही, सांगा मला!

मुलगी एकेक कार्ड धरतेय. हे काय, काकू? छत्रीचं चित्र. ही बघतेय, ओठ हलतायत, घाम फुटलाय. मुलगी शांत बसते हो, रेडिओसारखी नाही, बसून राहते नुसती. मला मात्र बसवत नाही. माझे पाय खालच्या खाली नाचतायत. डोक्यात एकच, करंट आहे की नाही? करंट आहे की नाही? आणि असं रोज! हिला कुठे एखादा शब्द आला की मला वाटायचं, आहे, आहे, खरा आहे. नाही आला की वाटायचं, फसवलं, खोटाच आहे, रोज इथे येऊन नुसती डोक्याला मिठाची पट्टी बांधून घेतोय. नुसत्या मिठाच्या पाण्याने माणूस बोलता होत असता तर समुद्रावर नेऊन बसवली नसती का हिला?

आणि मग मी ते केलं. आता हसू नका. वरच्या खिशात टेस्टर होता, तो कायमच असतो, तो नसला की मला कपडे न घातल्यासारखं वाटतं. मुलगी कार्डं बदलायला कपाटाकडे वळली. मी उठलो, दबकत दबकत हिच्यामागे गेलो आणि लाल वायर जिथे स्पंजला जोडलेली होती तिथे टेस्टरचं टोक लावलं. अंगठा मागे दाबला. दिवा लागतो का? नाही लागला. पुन्हा दाबला. नाही! आणि माझा तोल सुटला. "करंट नाही!" असा ओरडलो मी, "करंट नाहीये यात, खोटा आहे!" ही दचकून उभी राहिली, पट्टा सरकला, स्पंज गळ्यात, कार्डं जमिनीवर, मुलीने धावत येऊन मशीन बंद केलं.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, टॉर्चच्या सेलला कधी टेस्टर पेटतो का?"

अहो, नाही पेटत! हे मला माहीत नाही? मी शिकाऊ पोरांना शिकवलंय हे. घरातल्या करंटला पेटतो तो, नऊ व्होल्टच्या बॅटरीला जन्मात पेटणार नाही, मग ती चालू असो की बंद. एवढी साधी गोष्ट माझ्या, माझ्या डोक्यातून गेली! हात दाखवून अवलक्षण. आणि ते सोडा हो. मुलीने खाली पडलेलं कार्ड उचललं. किल्लीचं चित्र होतं. म्हणाली, काकूंच्या तोंडात शब्द आला होता, काका. 'कि' ऐकला मी. मी हिच्याकडे बघितलं. हिने तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते स्पंजचं नव्हतं. रेडिओला मी जन्मभर नावं ठेवली आणि त्या दिवशी रेडिओपेक्षा मोठ्याने मी वाजलो.

डॉक्टरीणबाईंनी खोलीत बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, पण स्पष्ट सांगितलं, काका, पुन्हा असं झालं तर काकूंना यातून बाहेर काढावं लागेल. माझा जीव टांगणीला! मग मी बाहेर. दार बंद, दारासमोर बाक, बाकावर मी आणि दोन्ही हात मांडीखाली. आत काय चाललंय दिसत नाही, ऐकू येत नाही. करंट आहे की नाही ते तर नाहीच नाही, पण शब्द आला की नाही तेही कळायची सोय नाही! ही बाहेर यायची, कपाळावर स्पंजचा लाल चौकोन. मी विचारायचो, काय झालं? ही बघायची आणि पुढे चालायला लागायची. बरेच दिवस माझ्याशी भलतासुद्धा शब्द बोलली नाही.

संपलं ते एकदाचं. शेवटी, सुरू करण्याआधी घातलं होतं तसं, परत त्या एमआरआयच्या मोठ्या नळीत घालून डोक्याचे फोटो काढले आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दाखवले, आधीचा आणि नंतरचा. ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. आधीच्यात रेघा विरळ, नंतरच्यात जरा दाट, डावीकडून उजवीकडे काही नव्याच. मी म्हटलं, म्हणजे जोडणी झाली! आता बोलेल! तर म्हणाल्या, काका, या जागा आता बरोबरीने काम करताना दिसतायत, एवढंच चित्र सांगतं. बोलतील का, ते चित्र सांगत नाही. आणि हे करंटमुळे की सरावामुळे की आपोआप, तेही एका माणसावरून सांगता येत नाही. सगळ्यांचं पूर्ण होईपर्यंत थांबायचं. आता काय म्हणायचं या बाईला? इतकं खरं बोलतात का कुणी पेशंटच्या नवऱ्याशी?

तर आता ऐका. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा त्या सगळ्या भानगडीत बंद पडलेला. होल्डर जळाला होता. वायरमनचं घर आणि ओट्यावर अंधार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रेडिओ रोज टोमणे मारायची, स्वयंपाक टेबललॅम्पवर चाललेला. मी आपला आज करतो, उद्या करतो. हात लावायला होत नव्हतं हो. मेनपाशी कोण?

एका दुपारी मी बसलो होतो, तर हिने माझी बाही धरली. ओढत स्वयंपाकघरात नेलं. वर बोट दाखवलं, होल्डरकडे. स्वतः स्टूल आणून ठेवलं. आणि सरळ चालत गेली ती मेनपाशी, दारामागच्या बोर्डाजवळ, नेहमीसारखी उभी राहिली, एक हात खटक्यावर. नेहमीसारखी! रेडिओ म्हणाली, थांब गं, मी बंद करते. मी म्हटलं, ताई, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, हिलाच बोलू दे. रेडिओने पदर तोंडात धरला.

मी स्टुलावर चढलो. आता विचार करा, कुठला शब्द येईल? चालूच्या जागी बंद म्हणणारी बाई ही! खिशात टेस्टर आहे. लावला तर जीव वाचेल. पण लावला तर ही बघणार. इतक्या महिन्यांनी आपल्या पायाने मेनपाशी येऊन उभी राहिली, आणि तिच्या शब्दावर मी टेस्टर लावला, तर ही परत कधी तोंड उघडेल? आधीच किल्ली घालवली मी हिची. मी खिशातून टेस्टर काढला, हिला दिसेल असा, आणि खाली वाकून ओट्यावर ठेवून दिला. म्हटलं, काय व्हायचं ते होवो. देवाचं नाव घेतलं, होल्डर उघडला, दोन तारा मोकळ्या केल्या पकडीने, अगदी जपून, आणि विचारलं.

"करंट आहे की नाही?"

काही नाही. शांत. घड्याळ ऐकू येतंय. रेडिओ श्वास घेत नाहीये. मला हिचे ओठ दिसतायत, हलतायत, थांबतायत, परत हलतायत. मी वाट बघतोय. बघतोय. हात वर, मानेला रग लागलीय, कानावरून घाम ओघळतोय.

"बंद."

स्वच्छ! पूर्वीसारखा! आणि तुम्हाला सांगतो, माझा हात माझा राहिला नाही. इतक्या वर्षांची सवय, हिने बंद म्हटलं की हात आपोआप तारेकडे जातो. गेला. बोटभर अंतर उरलं असेल नसेल...

"टेस्टर लावा आधी."

हात तिथेच थिजला. कोण बोललं? रेडिओ? रेडिओच्या तोंडात पदर. ही बोलली! तीन शब्द. एकापुढे एक. जोडलेले! हिचं तोंड पांढरंफटक पडलेलं आणि नजर स्वतःच्या हाताकडे. मी बघितलं. हात खटक्यावर होता आणि खटका वरच होता. खाली ओढलाच नव्हता! शब्द आधी सुटला आणि हात मागे राहिला, आणि ते हिच्याच लक्षात आलं. रेडिओने टेस्टर वर दिला. मी तारेला लावला. पेटला. लालभडक.

मी स्टुलावरून उतरलो नाही, घसरलो. खाली बसलो फरशीवर. रडलो, हो, रडलो, लाजायचं काय त्यात? रेडिओ तर मोठ्याने रडत होती. ही आली, माझ्यासमोर उकिडवी बसली, माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, सगळी बोटं जागेवर आहेत ना. लग्नानंतर ताटाशेजारी टेस्टर ठेवणारी ही बाई, आज स्वतःच म्हणाली, माझ्या शब्दावर जाऊ नका. थांबा म्हणायचं होतं आणि माझंच जुनं वाक्य तोंडात आलं, की खरोखर तेच म्हणायचं होतं, हे मला कळलेलं नाही. विचारलं मी. ही म्हणाली, "टेस्टर लावा आधी."

आणि तिथून सुरू झालं! अहो, एवढं एकच वाक्य अखंड येतं. सुटे शब्द येतायत हळूहळू, दार, चहा, ताई, किल्ली सुद्धा आली एक दिवस. पण वाक्य म्हटलं की हेच. सकाळी मी उठलो की, टेस्टर लावा आधी. दाढी करायला बसलो की, टेस्टर लावा आधी. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तिलाही, टेस्टर लावा आधी. ती बिचारी साखर न घेताच गेली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, असं होतं, एखादं वाक्य पक्कं बसतं, पण चांगली खूण आहे, काका, सराव चालू ठेवा. चालू आहे! कामंही धरलीयत परत. ही मेनपाशी, रेडिओ हिच्या शेजारी खटका खरंच खाली आहे का बघायला, आणि मी वर टेस्टर घेऊन. तीन माणसं लागतात आता एका दिव्याला.

परवा दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात फोन. डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, "काका, सगळ्यांचं संपलं. आता सांगायला हरकत नाही. काकूंना करंट खरा होता की खोटा, सांगू?"

वर्षभर ज्याच्यासाठी जीव खालीवर झाला, तोच सवाल, आणि आज उत्तर द्यायला माणूस तयार! मी हिला म्हटलं, अगं, सांगतायत, करंट होता की नाही. ऐकू का? ही ताट वाढत होती. वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "टेस्टर लावा आधी."

आता काय करता? हिचा शब्द म्हणजे शब्द. मी फोन कानावरून काढला, खिशातून टेस्टर काढला, फोनला लावला. नाही पेटला. कुठून पेटणार? परत फोन कानाला लावतो तर डॉक्टरीणबाई म्हणतायत, "...तर असं होतं बघा ते. आता झालं ना समाधान?" मी म्हटलं, "झालं."

परत विचारता आलं असतं, नाही असं नाही. पण ताट वाढलेलं होतं, आणि ही माझ्याकडे अशी बघत होती की मला कळलं आता काय ऐकायचंय. म्हणाली. लावला बाबा जेवणाला. रोज लावतो. अजून एकदाही पेटलेला नाही.